बारीक हात

"हात पुढे करा," नर्सबाई म्हणाल्या आणि आम्ही सातजणांनी बाह्या वर केल्या. परवा गेनूची गाय लाळ गाळत होती, चारा गिळत नव्हती. घशात काहीतरी अडकलंय म्हणून त्याने आम्हाला हाक मारली. शेजारधर्म म्हणून आम्ही एकेकाने तिच्या तोंडात कोपरापर्यंत हात घातला. काल गाय मेली. गुरांचे डॉक्टर म्हणाले, पिसाळली होती.

"तिला काही चावलं होतं का?" नर्सबाईंनी विचारलं.

गेनू खाली बघत म्हणाला, "दीड महिन्यामागं कोल्ह्यानं कान फाडला होता."

माझं डोकंच फिरलं. "आणि हे आत्ता सांगतोस? आम्हाला मारायला बोलावलं होतंस का?"

"सांगितलं असतं तर दूध कुणी घेतलं असतं?"

मी त्याची गचांडी धरली. नर्सबाई मध्ये पडल्या. "भांडण नंतर करा. गेनूभाऊ, तुमचापण हात दाखवा."

"मी नाही घातला," गेनू पुटपुटला.

रांगेत शेवटी उभी असलेली त्याची बायको पुढे आली. तिच्या मनगटावर दातांचे ओरखडे होते.

"मला म्हणालात, तुझा हात बारीक आहे, आतपर्यंत जाईल."