नऊ मोठे की दोन

नित्या मुलाखतीत नापास झाली. पण ते सोडा, ते व्हायला वेळ आहे. अजून ती तंजावूरच्या नव्या इंग्रजी शाळेत हेडमिस्ट्रेससमोरच्या खुर्चीवर बसली आहे. तिचे पाय जमिनीला टेकत नाहीत. मागे आईवडील, सरोजा आणि सेतुमाधव, उभे आहेत. त्यांचेही टेकलेले दिसत नाहीत. इथे घेतलं नाही तर पोरगी बापासारखी क्लार्क होईल, असं सरोजाने नवऱ्याला बसमध्येच सांगितलं होतं.

मिसनी टेबलावर लाकडाचे दोन आकडे मांडले. नऊ आणि दोन.

"यात मोठा कुठला, कण्णा?" त्यांनी लाडाने विचारलं.

सेतुमाधवचा जीव भांड्यात पडला. पापनाशमच्या तालुका ऑफिसातून दमून आल्यावर रोज त्याने हेच शिकवलं होतं. एका ताटलीत चकलीसारखे नऊ मुरुक्कू, दुसरीत दोन. नित्या न मोजता नऊवर झडप घालायची.

"दोन," नित्या म्हणाली.

सरोजाने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने पंख्याकडे पाहिलं.

"का गं?" मिसनी विचारलं.

"दोनला फोन लवकर येतो."

मिसना काही कळेना. सेतुमाधवला सगळं कळलं, आणि त्याचा काही उपयोग नव्हता. टेलिफोनसाठी अर्ज केला त्याच वर्षी नित्या जन्मली. नित्या चालायला लागली, बोलायला लागली. फोन आला नाही. दर महिन्याला तो टेलिफोन ऑफिसात जाऊन वेटिंग लिस्टमधला नंबर विचारून यायचा. नंबर उतरला की सरोजा भरपूर तूप घालून केसरी शिरा करायची. नाही उतरला की उपमा. शेजारच्या सुब्रमण्यमचा नंबर उतरत उतरत एकवर आला, तेव्हा त्यांच्या फोनला चंदन-कुंकू लागलं आणि अख्खी गल्ली दर्शनाला गेली. लहान नंबर मोठा असतो, हे नित्याला कोणी शिकवलं नव्हतं. तिने ते खाल्लं होतं.

"अप्पा, आपला नंबर सांगा की मिसना."

"गप बस गं."

मिसनी आकडे उचलून डब्यात ठेवले.

"मुलगी गोड आहे. नंबर मात्र अजिबात समजत नाहीत. वेटिंग लिस्टवर घालते. जागा दोन आहेत, तुमचा नंबर नववा."

"मॅडम," सेतुमाधव हात जोडून म्हणाला, "नऊ फार होतात. दोन करता आला तर बघा ना. फार मोठं काम होईल."

नित्याने वळून बापाकडे कौतुकाने पाहिलं. शेवटी शिकले एकदाचे.

त्या संध्याकाळी घरी उपमा झाला. जेवण झाल्यावर सेतुमाधवने शाळेला अर्ज लिहायला घेतला. ऑफिसची भाषा हातात बसलेली होती, त्यामुळे फारसं अडलं नाही:

"तरी, अर्जदाराच्या घरी टेलिफोन लागेपर्यंत किंवा त्याच्या मुलीस प्रवेश मिळेपर्यंत, यांपैकी जे नंतर घडेल तोपर्यंत, नऊपेक्षा दोन मोठे धरण्यात यावेत, ही नम्र विनंती."