आधी गा
या, जवळ सरका, आमच्या विद्यापीठाच्या बँडची गोष्ट सांगते. बँडमास्तर टॉर्विकसरांचा हट्ट एकच: आधी आपला भाग गा, मग वाजवा. "सर, आम्ही बँडवाले की चर्चमधले गवई?" ट्यूबा हा सर्वांत मोठा कर्णा वाजवणारी मार्गिट कुरकुरायची. "गप गं. गळ्यात नाही ते कर्ण्यात कुठून येणार?" आम्ही विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल सामन्यांत वाजवायचो, आणि तो सरांचा निवृत्तीपूर्वीचा शेवटचा सामना होता. संघाचा टचडाउन झाला, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपार नेऊन गुण मिळवले, की विद्यापीठगीत वाजायचंच. एकतीस वर्षांत चुकलं नव्हतं. त्या दिवशी मिनेसोटाच्या थंडीत कर्ण्यांच्या कळाच गोठल्या, आणि नेमका टचडाउन झाला! सरांनी ताल द्यायची छडी उचलली, आम्ही जीव खाऊन फुंकलं, पण नुसता ढोल घुमला. तेवढ्यात मार्गिटनेच सूर लावला, "पोम, पोम!" मग दोनशे गळ्यांनी आपापला भाग उचलला. सरांचे डोळे भरले, छडी मात्र चुकली नाही. वाद्य रुसलं, तर आमच्या टॉर्विकसरांची आठवण काढा.