इस्मोचे पाच किलोमीटर

"नकाशा घेऊन मी काय करू?" तूया म्हणाली. "भिंतीवर टांगू?"

विक्रेता ओशाळला. नकाशा दाखवणारं महागडं घड्याळ खपवण्याच्या नादात समोरच्या बाईच्या हातातल्या पांढऱ्या काठीकडे त्याचं लक्षच गेलं नव्हतं. तूयाची भाची साना मध्ये पडली.

"मावशीला गाणी नकोत, झोपेचा हिशोब नको. पळताना किलोमीटर भरला की कळलं पाहिजे. आणि परवडलं पाहिजे."

विक्रेत्याने सगळ्यात स्वस्त घड्याळ काढलं आणि तूयाच्या मनगटावर बांधलं. ते बोलत नव्हतं. पण उपग्रहावरून अंतर मोजायचं आणि दर किलोमीटरला थरथरायचं. त्याने ते एकदा थरथरवून दाखवलं. तूया मालिशवाली; पंचवीस वर्षं योएन्सू गावातल्या लोकांच्या पाठी रगडत आली होती. कातडीला जे कळतं त्यावर तिचा भरवसा होता.

"हेच द्या," ती म्हणाली.

घड्याळाची गरज पडली ती इस्मो येईनासा झाला म्हणून. सहा वर्षं, आठवड्यातून तीनदा, तो तिला पळायला न्यायचा. दोघांच्या हातात वीतभर दोरीची दोन टोकं. इस्मो नगरपालिकेच्या जमीन मोजणी खात्यात होता आणि शब्दही मोजूनच वापरायचा. "दगड." "डावीकडे." "एक झाला." "दोन झाले." पाच झाले की दोघं पुन्हा चर्चच्या पायरीशी आलेले असायचे. पळताना तूयाला खिशात फोन नको असायचा. चर्चला लागूनच असलेल्या घरी पोचल्यावर तिथलं बोलकं घड्याळ सांगायचं: बावन्न मिनिटं. कधी एक्कावन्न, कधी त्रेपन्न. पाच किलोमीटरला एवढा वेळ म्हणजे रांगणंच की. पाय तर चांगले उचलतायत असं वाटायचं. पण पायांना काय कळतं, असं म्हणून तिने तो विषय सोडून दिला होता.

मग मे महिन्यात एकदा ती सार्वजनिक सौनात, गरम वाफेच्या खोलीत, खालच्या फळीवर बसली होती. वरच्या फळीवर पळणाऱ्यांच्या मंडळातल्या दोघी बसल्या होत्या. वाफेत त्यांना खालचं कोणी दिसलं नसावं. "तो इस्मो चांगला पळायचा," एक म्हणाली. "त्या गोगलगाईपायी पायांची वाट लावून घेतली त्याने."

त्याच आठवड्यात तूयाने इस्मोला सांगून टाकलं. "मी तुझ्या गळ्यातलं लोढणं झालेय. तू आपला पळणाऱ्यांत जा."

तो नाही म्हणेल, निदान रागावेल, अशी तिला फार आशा होती. "तुला तसं वाटत असेल तर," एवढंच तो म्हणाला, आणि आपल्याकडचं दोरीचं टोक तिच्या तळहातावर ठेवून निघून गेला. नको तिथे ऐकणारा माणूस. त्यानंतर जून ते ऑगस्टचा सबंध उन्हाळा गेला. उजेड मावळत नाही असे ते आठवडे, सगळं गाव तळ्यावर, आणि ही घरात. तिला पळण्याची आठवण येत होती असं ती सानाला सांगायची. खरं तर तिला आठवण यायची ती दोरीच्या पलीकडच्या टोकाला लागणाऱ्या श्वासाची.

रविवारी सकाळी साना दोरी धरून उभी राहिली. "कुठल्या रस्त्याने?"

"इस्मोच्या. तळ्याच्या कडेने, लाकडी पुलावरून, होड्यांच्या वखारीला वळसा घालून परत."

पायाखाली खडी होती तेव्हाच मनगट थरथरलं. तूया चमकली. इस्मोचा 'एक झाला' पुलाच्या फळ्या लागल्यावर यायचा, आणि पूल अजून लांब होता. पुलावरून उतरतात न उतरतात तोच दुसरी थरथर. वखारीतल्या डांबराचा वास येईपर्यंत चार झाले. स्वस्तातलं घेतल्यावर दुसरं काय होणार, ती मनात म्हणाली. चर्चच्या पायरीशी आली तेव्हा आठ.

"बिघडलंय हे. उद्या परत करू."

साना वाकून धापा टाकत होती. तिने स्वतःचा फोन काढून पाहिला. "हा पण आठच दाखवतोय. आठ किलोमीटर, बावन्न मिनिटं. मावशी, कोण म्हणालं तुला गोगलगाय? माझा जीव गेला."

"इस्मो पाच सांगायचा."

"मग चुकत असतील काका मोजायला."

तूया पायरीवर बसली. वीतभर बांधावरून कोर्टात गेलेले शेजारी इस्मोच्या मोजणीवर गप्प बसायचे. तो चुकणार? आणि तेही सहा वर्षं, दर खेपेला, तीन किलोमीटरने? तीन किलोमीटर म्हणजे दर खेपेला वीसेक मिनिटं जास्तीची सोबत, तिने हिशोब केला. घाम गार होत आला तरी ती उठली नाही. मग तिने सानाला फोन लावायला सांगितला.

"इस्मो," पलीकडून आवाज आला. फोन उचलताना तो नेहमी स्वतःचं नावच सांगायचा.

"तूया बोलतेय. अंतर मोजणारं घड्याळ घेतलंय मी. आज ते बांधून आपल्या रस्त्याने पळाले."

पलीकडे चमचा कपाला लागल्याचा आवाज आला आणि थांबला.

"किती भरलं?" इस्मोने शेवटी विचारलं.

"ते राहू दे. उद्या पाच किलोमीटर पळायला येतोस का?"

"येतो," तो म्हणाला. मग अडखळत म्हणाला, "घड्याळ तेवढं घरी ठेवून ये."