खिडकीतले पाहुणे

खोकल्यानं नेत्राची शाळा बुडायला लागली. तिचं मन रमावं म्हणून हरिश्चंद्र आजोबांनी तिच्याबरोबर तेलाचा रिकामा कॅन कापला, पाखरांना बसायला तिची जुनी फूटपट्टी आडवी खोवली आणि ज्वारी भरून बेडरूमच्या ग्रिलला टांगला. शांती नगरात चिमण्या कसल्या येतात! कबुतरं आली. पण पोर हसली. तिला नीट दिसावं म्हणून आजोबांनी पलंगच खिडकीला लावला. खोकला वाढत गेला, तशी त्यांनी ज्वारीही वाढवली. तेवढाच बिचारीला विरंगुळा.

एक्स-रे पाहून डॉक्टर गंभीर झाले. "कबुतरांच्या विष्ठेनं फुप्फुसं अशी होतात. घराजवळ कुणी दाणे टाकतं का?"

आजोबा नेत्राकडे वळले.

धापा टाकत नेत्राच कौतुकानं म्हणाली, "माझे आजोबा! एक दिवससुद्धा चुकवत नाहीत."