शेजारची खुर्ची

"दातांची डॉक्टर होऊन ये गं, तुझी खुर्ची माझ्या खुर्चीशेजारी मांडून ठेवते." आईचं हे बोलणं परदेशातही लेकीच्या कानाशी रुंजी घालत राहिलं. जीव मात्र जडला तो उत्खननात सापडलेल्या जुन्या कवट्यांच्या दातांवर. तिथल्या प्रयोगशाळेने कामाला बोलावलंही होतं, पण घरी सांगायला जीभ रेटत नव्हती.

ती परतली, तशी सामान सोडायच्या आत आईने तिला दवाखान्यातल्या त्या कोऱ्या खुर्चीत बसवलं. "आ कर."

आरसा दाढेपाशी थबकला. "दाढा पार झिजल्यात गं. झोपेत दात खातेस तू. कसला घोर लागलाय माझ्या बाईला?"

लेकीने आईचा हात हळूच बाजूला केला.



"ह्या खुर्चीचा, आई."