गाठीभोवतीची गर्दी

शेवंताबाईंनी पदर बाजूला करून मानेवरची गाठ डॉक्टरीणबाईंना दाखवली. क्षयाच्या गोळ्या सुरू होऊन महिना झाला होता आणि बोराएवढी गाठ चांगली लिंबाएवढी झाली होती. बाहेरच्या बाकड्यावर बसलेल्या नणंदेनं आणि दोन्ही जावांनी निकालही देऊन टाकला होता, "गोळ्या बंद कर!"

"बंद अजिबात करायच्या नाहीत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जंतू मरताहेत. पण तुमच्या शरीरातल्या पेशी अजून एकमेकींना निरोप धाडताहेत, 'धावा, धावा!' मग गरज नसताना सगळ्या तिथंच गोळा होतात. गाठ फुगलीय ती त्या गर्दीनं. जोडीला ही वेगळी गोळी थोडे दिवस घ्या. निरोप थांबले की गर्दी पांगेल."

शेवंताबाईंना हे लगेच पटलं. महिनाभर भेटायला येणाऱ्यांसाठी पातेल्यामागून पातेलं चहा त्याच तर उकळत होत्या.

मागे दाराशी त्यांचा नवरा मोबाइलवर दबक्या आवाजात सांगत होता, "अक्का, गाठ वाढलीय. असाल तसे निघा. मामांनाही कळवा."

शेवंताबाईंनी गाठीवर पदर ओढला.

"डॉक्टर, निरोप थांबवायची ती गोळी यांनाही लिहून द्या. जरा जास्त ताकदीची."