निळा पिकअप

आमच्या अमेरिकेतल्या युटा राज्यात, दऱ्यांमधल्या ओसाड रस्त्यावर समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचं. तेवढाच रामराम.

लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून मी आणि आर्लिन फिरायला निघालो होतो. सकाळी समोरून एक जुना निळा पिकअप आला. आत आमच्याच वयाचं जोडपं. म्हाताऱ्यानं बोट उचललं, मीही उचललं.

पाऊण तासानं तोच पिकअप पुन्हा समोरून आला. वाटेत एकही फाटा नव्हता आणि मागून आम्हाला कुणी ओलांडलंही नव्हतं.

"तुला सगळे पिकअप सारखेच दिसतात, ड्वेन," आर्लिन हसली. "चष्मा बदल आता."

"अगं, बाईच्या डोक्याला तोच पिवळा रुमाल आहे."

"शोभतो की तिला," म्हणत आर्लिननं हात हलवला.

दुपारी तांबड्या कड्यांमधून तो तिसऱ्यांदा आला, अगदी सावकाश. म्हातारा एकटाच होता. शेजारच्या सीटवर नुसता पिवळा रुमाल. त्यानं बोट उचललं नाही. आर्लिनकडे बघत तो रडत होता.

आर्लिन त्याच्याकडे बघून ओळखीचं हसली. मग त्या रिकाम्या सीटवरच्या रुमालावरची नजर न हलवता तिनं सीटबेल्ट सोडला.

"गाडी थांबव रे," ती म्हणाली. "मला इथंच उतरायचंय."